आठाला चार

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा लागला की आमच्या दुकानात पाणी प्यायलाही उसंत नसते. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव. गल्लोगल्लीच्या मंडळांना लाल-पिवळे फ्लेक्स हवे असतात आणि झाडून सगळ्यांना ते ३१ तारखेच्या संध्याकाळीच हवे असतात. दुकान बेळगावच्या शहापुरात. बोर्डावर वर ठळक कन्नड, खाली बारीक मराठी. तसा नियमच आहे. मी मराठी. ह्याच १ नोव्हेंबरला माझे वडील दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत निघायचे, कारण १९५६ साली ह्याच तारखेला बेळगाव मुंबई राज्यातून उचलून म्हैसूर राज्यात घातलं गेलं. धंद्याला भाषा नसते म्हणतात, ते काही खरं नाही. बेळगावात धंद्याला निदान तीन भाषा लागतात, नाहीतर शटर ओढताना गल्ला रिकामा असतो.

मागच्या राज्योत्सवाला एक पोरगा आला. बावीस-तेवीसचा, हातात दोन मोबाइल. एकातून त्यानं मला आठ फोटो पाठवले आणि म्हणाला, "अण्णा, ज्ञानपीठ. एंटु मंदि." आठ माणसं. माणसांना मंदी आमच्यातही म्हणतातच, त्यामुळे एवढं समजायला भाषांतर लागलं नाही. फोटो उघडायच्या आधीच मला चेहरे माहीत होते. कुवेंपू, बेंद्रे, कारंत, मास्ती, गोकाक, अनंतमूर्ती, कार्नाड, कंबार. कर्नाटकात ज्याची शाळा झाली त्याला हे आठ जण अष्टविनायकासारखे पाठ असतात. शाळेच्या भिंतीवर, बसस्टँडवर, कॅलेंडरवर, कधी कधी रिक्षाच्या मागेसुद्धा.

मी नुडी, म्हणजे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर, उघडून नावं टाइप केली. पोरगा माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडं बघत होता. बेंद्र्यांवर त्यानं बोट ठेवलं. "अण्णा, इदु तप्पु."

चूक माझीच होती. कन्नडमध्ये ए दोन आहेत, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ, दोघांची खूण वेगळी. बेंद्रे ह्या नावात पहिला दीर्घ आणि शेवटचा ऱ्हस्व. मराठीत आपण दोन्हीकडं एकच मात्रा मारतो आणि मोकळे होतो. मी शेवटचाही दीर्घ टाकला होता. बोटं कन्नड कीबोर्डवर असली तरी नाव डोक्यात मराठीतच वाजत होतं.

सुधारता सुधारता मी उगाच बोलून गेलो, "अरे, हे आमच्यातले. घरात मराठी."

पोरगा हसला. "हौद्री? बरद्दु कन्नडदाग."

हो का? पण लिहिलं कन्नडमध्ये. विषय संपला. मी फाइल सेव्ह केली.

ज्ञानपीठाचा हिशेब आमच्याकडं क्रिकेटच्या स्कोअरसारखा ठेवला जातो. मी हायस्कुलात असताना, १९८३ साली, तो चाराला एक होता. मास्तींना नुकतंच मिळालं होतं आणि आमच्या बाजूला एकटे खांडेकर. १९८७ साली कुसुमाग्रजांना मिळालं, चाराला दोन. मग गोकाक १९९०, अनंतमूर्ती १९९४, कार्नाड १९९८. साताला दोन झाल्यावर आमच्या गल्लीत हा विषय कुणी काढेना. २००३ साली विंदा आले, जरा धीर आला. २०१० चं कंबारांना, २०१४ चं नेमाड्यांना. आता आठाला चार, आणि बरीच वर्षं स्कोअर तिथंच अडला आहे. हिंदी सोडली तर कन्नडएवढी ज्ञानपीठं कुठल्याच भाषेत नाहीत, आणि हे वाक्य मला एका हवालदारानंही ऐकवलेलं आहे, मी नो पार्किंगमध्ये गाडी लावली होती तेव्हा. त्याचा आणि ज्ञानपीठाचा संबंध काय हे मी विचारलं नाही. दंड भरला.

मोजायची आम्हाला सवयच आहे. सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ साली नेमला, वर्षभरात अहवाल आला: बेळगाव शहर कर्नाटकातच, २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, २४७ कर्नाटकाला. ते आकडे वडिलांना शेवटपर्यंत तोंडपाठ होते. दोन्हीकडची गावं जागची हलली नाहीत, आकडे मात्र घराघरात राहिले. आणि साहित्याचा नि सीमेचा आमच्याकडं वेगवेगळा विचार होतच नाही, कारण संयुक्त महाराष्ट्राचा ठराव मुळात साहित्य संमेलनातच झाला, १९४६ साली, माडखोलकर अध्यक्ष असताना, इथं बेळगावातच. दुसऱ्या गावांत संमेलनानंतर जेवणाच्या पंगतीची चर्चा होते. आमच्याकडं त्या मांडवातून चळवळ निघाली.

वडील कंपोझिटर होते. खडेबाजाराजवळच्या एका छापखान्यात पस्तीस वर्षं उभ्यानं खिळे जुळवले. त्यांच्या डाव्या हाताला मराठी खिळ्यांची केस, म्हणजे खणांची पेटी, उजव्या हाताला कन्नडची. कन्नड त्यांना बोलता येत होतं ते बाजारापुरतं. वाचता? ह्याचं उत्तर सोपं नाही. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आणि उलटं कन्नड ते घडाघडा वाचायचे. छापून सुलटं झालेलं कन्नड दिसलं की अडखळायचे. लहानपणी मला ह्याची गंमत वाटायची. मराठीचं जोडाक्षर आडवं पसरतं, कन्नडचं दुसरं अक्षर पायाशी लोंबतं. म्हणून कन्नड मजकुराला दोन ओळींत शिशाची पट्टी जाड घालावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचे पाय खालच्या ओळीच्या डोक्यावर पडतात. लग्नपत्रिका दोन्ही बाजूंनी असायच्या, एका पानावर मराठी, दुसऱ्यावर कन्नड. सोयरीकच तशी असायची. मजकूर एकच, पण कन्नड पान नेहमी चार ओळींनी लांब भरायचं. वडील म्हणायचे, "त्यांचं वऱ्हाड मोठं, बाबा."

ह्या वडिलांनीच मला १९७३ ची गोष्ट सांगितली. तारखा नि नावं मी नंतर वाचून ताडून घेतली, पण गोष्ट त्यांची.

त्या वर्षी ज्ञानपीठ दोघांत विभागून गेलं, ओडियाचे गोपीनाथ महांती आणि धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. बेंद्र्यांचं पुस्तक 'नाकु तंती'. त्याच वर्षीचं मराठीचं साहित्य अकादमी पारितोषिक 'काजळमाया'ला, म्हणजे जी. ए. कुलकर्ण्यांना जाहीर झालं. जी. ए. राहायला कुठं? धारवाडातच. तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. जन्म चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचा, शिक्षण बेळगावात, आणि नोकरीची बहुतेक वर्षं धारवाडात. म्हणजे बेळगावहून बसनं दोन तासांवरच्या एका मध्यम आकाराच्या गावात, एकाच वर्षी, देशातले दोन मोठे साहित्य पुरस्कार आले. एक घरात मराठी बोलणाऱ्या माणसाला कन्नड कवितेसाठी. दुसरा कन्नड गावात जन्म काढणाऱ्या माणसाला मराठी कथांसाठी. आठाला चारच्या तक्त्यात ह्यातलं काय बसतं? पहिला 'त्यांच्या' खात्यात. दुसरा कुठंच नाही, कारण अकादमीचा स्कोअर आम्ही ठेवत नाही, आणि ठेवला असता तरी पंचाईतच होती. 'काजळमाया' नेमकं केव्हा प्रकाशित झालं ह्या तारखेवरून वाद उठला आणि जी. एं.नी पुरस्कार परत केला.

वडिलांना ह्या परत करण्याचं कोण कौतुक. साहित्य म्हणून नव्हे, कंपोझिटर म्हणून. "पुस्तकावरची तारीख सगळ्यात शेवटी जुळवतात," ते म्हणायचे, "पानं छापून होतात, बाइंडरकडं जायची घाई असते, आणि मग कोण तरी ओरडतो, अरे साल घातलंस काय? चार खिळे. तेवढ्यावर माणसानं पाच हजार परत दिले." अकादमीचं पारितोषिक तेव्हा पाच हजारांचं होतं. वडिलांचा पगार तेव्हा किती होता ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पुरस्कारांचा मूळ इतिहास वाचायला लागलो तो खूप नंतर, दुकान माझं झाल्यावर, दुपारी गिऱ्हाईक नसताना. ज्ञानपीठ हा सरकारी पुरस्कार आहे असं मला कित्येक वर्षं वाटायचं. तो सरकारी नाही. साहू शांतिप्रसाद जैन आणि त्यांच्या पत्नी रमा जैन ह्यांनी १९४४ साली भारतीय ज्ञानपीठ ही संस्था काढली. मे १९६१ मध्ये शांतिप्रसादांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला घरच्या मंडळींच्या डोक्यात आलं की भारतीय भाषांतल्या पुस्तकांमधून एक सर्वोत्तम निवडून त्याला गाजावाजा होईल असं पारितोषिक द्यावं. पन्नाशीला आमच्याकडं सत्यनारायण घालतात. ज्याचं त्याचं ऐपतीप्रमाणं. मग लेखकांच्या बैठका झाल्या. डॉ. राजेंद्रप्रसादांनी निवड मंडळाचं अध्यक्षपद घ्यावं असं ठरलं. मार्च १९६३ मध्ये पहिली बैठक, आणि फेब्रुवारीच्या शेवटी राजेंद्रबाबू गेले. ती बैठक मग काकासाहेब कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली झाली.

इथं मी वाचता वाचता थांबलो. कालेलकर म्हणजे आमच्या बेळगावात गणेश विद्यालयात मास्तर असलेले. जन्म साताऱ्याचा, मूळ घराणं सावंतवाडीकडच्या कालेलीचं, मातृभाषा मराठी; आणि लिहिलं गुजरातीत, इतकं की १९६५ चं अकादमीचं गुजराती पारितोषिक त्यांना मिळालं. त्या सुरुवातीच्या चर्चांना हरिवंशराय बच्चन होते, दिनकर होते, आणि प्रभाकर माचवेही होते. माचवे घरात मराठी, लेखन मुख्यतः हिंदीत. म्हणजे भाषाभाषांत तोलून एक पुस्तक निवडायची ही योजना ज्यांनी आखली, त्यांतले दोघे तरी स्वतःच कुठल्या रकान्यात घालायचे असा प्रश्न पडावा असे. मला ही गोष्ट त्या पोराला सांगावीशी वाटली होती. फ्लेक्स न्यायला तो आला तेव्हा लाइट गेलेली होती, तो वैतागलेला होता, राहून गेलं.

पहिलं ज्ञानपीठ १९६५ चं, मल्याळमचे जी. शंकर कुरुप, 'ओडक्कुळल' ह्या संग्रहासाठी. रक्कम एक लाख. आज अकरा लाख आहे, पण १९६५ च्या एक लाखात काय काय येत होतं हे ज्याच्या घरात त्या काळातली जमीन-खरेदीची कागदपत्रं असतील त्यानं काढून बघावं. सुरुवातीला पुरस्कार एका पुस्तकाला असे, १९८२ पासून लेखकाच्या एकूण कामगिरीला. मला जुनी पद्धत बरी वाटते. माणसापेक्षा पुस्तकाशी भांडणं सोपं असतं. आणखी एक नियम आहे: एका भाषेला मिळालं की पुढची दोन वर्षं त्या भाषेचा विचार होत नाही. खो-खोतल्यासारखं, उठलेल्यानं परत लगेच बसायचं नाही. त्यामुळं आमच्या गल्लीतले जाणते लोक कन्नडला मिळालं की निदान एवढं म्हणायचे, "चला, आता दोन वर्षं निवांत."

बेंद्र्यांकडं परत येतो, कारण माझा जीव तिथं अडकला आहे.

माणूस १८९६ साली धारवाडात जन्मला. घरात मराठी, गल्लीत कन्नड. टोपणनाव घेतलं ते 'अंबिकातनयदत्त', अंबिकेचा मुलगा दत्त, आईच्या नावावरून. १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षं सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात कन्नड शिकवलं. मराठीतही लिहिलं. आता हे नकाशावर मांडून बघा: आज कर्नाटकात असलेल्या धारवाडचा, घरात मराठी असलेला माणूस, आज महाराष्ट्रात असलेल्या सोलापुरात जाऊन कन्नड शिकवतो. आणि त्याची नोकरी संपते १९५६ ला, जे साल आमच्याकडं काळ्या शाईनं लिहितात.

त्याच्याही आधी, १९३२ साली, 'नरबलि' ह्या कवितेवरून इंग्रज सरकारनं त्यांना पकडलं आणि ठेवलं आमच्या हिंडलग्याच्या तुरुंगात. हिंडलगा माझ्या घरापासून स्कूटरवर वीस मिनिटं. माझी धाकटी बहीण तिथंच दिली आहे. भाऊबीजेला जाताना तुरुंगाची ती लांबलचक भिंत उजव्या हाताला येते, आणि पन्नास वर्षांत एकदाही कुणी मला ती दाखवून म्हटलं नाही की इथं एक कवी होता. कन्नडवाल्यांनी म्हटलं असेल. मी ज्यांच्यात वाढलो त्यांच्यात बेंद्रे हा विषय निघायचा तो 'आमचा असून त्यांच्यात गेला' एवढ्यापुरता. जणू काही मुलगा घरजावई गेला.

आठांपैकी असे तिघं आहेत. बेंद्रे मराठी, मास्ती तमिळ, कार्नाड कोकणी. कार्नाड तर जन्मले माथेरानला. कन्नडनं दुसऱ्यांच्या घरची पोरं आपल्या ताटात जेवायला बसवली आणि ती तिथलीच झाली. आमच्या चौघांत असा कुणी नाही. ह्यात मराठीचा दोष काढायचा नाही मला, एकसंब्याचे जी. ए. काही कमी नव्हते. पण आठाला चार म्हणून चिडताना हे डोळ्यांआड होतं, आणि ते तसं व्हावं असंच चिडणाऱ्याला वाटत असतं. मीही त्यातलाच.

आता खांडेकर. बेंद्र्यांच्या पुढच्याच वर्षी, १९७४ चं ज्ञानपीठ 'ययाति'ला. मराठीचं पहिलं. मी तेव्हा सहा वर्षांचा, मला आठवतं ते एवढंच की वडिलांनी कुंदा आणला होता, आणि आमच्याकडं कुंदा एरवी फक्त पाहुण्यांसाठी असायचा. आईनं 'ययाति' वाचनालयातून तीनदा तरी आणलं असेल. खाकी कागदाचं कव्हर, कोपरे मऊ झालेले, मधल्या काही पानांवर हळदीची बोटं. हळद कुणाची होती देव जाणे, आई वाचताना भाजी चिरायची नाही. खांडेकर आम्हाला परके नव्हतेच. जन्म सांगलीचा, आंबोली घाट उतरून सावंतवाडीच्या पुढं शिरोडं, तिथल्या शाळेत अठरा वर्षं मास्तर, मग कोल्हापूर. आमच्या सगळ्या नात्यागोत्याचाच हा रस्ता. पुस्तक मात्र १९५९ चं होतं. ज्ञानपीठ यायला पंधरा वर्षं गेली.

खरं सांगायचं तर 'ययाति' मला आज वाचवत नाही. चाळिशीत एकदा हातात घेतलं तर दर दोन पानांना कुणी तरी सुभाषित बोलत होतं. आईच्या वेळी माणसं अशी वाक्यं वहीत उतरवून ठेवायची. आईच्या वहीत आहेतच. पण एक गोष्ट मला त्या पुस्तकानं दिली. कॉलेजात माझा एक कन्नड मित्र होता, त्याच्याशी ज्ञानपीठावरून वाद चालला असताना मी म्हटलं, "आमचा ययाती." तो म्हणाला, "आमचाही ययाती." मला वाटलं, थट्टा करतोय. थट्टा नव्हती. कार्नाडांचं पहिलं नाटक 'ययाति', कन्नडमध्ये, १९६१ चं. सीमेच्या दोन बाजूंना दोन वर्षांच्या अंतरानं दोघांनी तोच म्हातारा राजा उचलला, पोराकडं तारुण्य मागणारा, आणि दोघांनाही पुढं ज्ञानपीठ मिळालं. मित्रानं मला गोष्ट सांगितली. खांडेकरांचा ययाती स्वतःच्या वासनेची कहाणी सांगत बसतो. कार्नाडांनी तरुण मुलाच्या नव्या नवरीकडं बघितलं. नवऱ्यानं तारुण्य सासऱ्याला दिल्यावर तिनं काय करायचं? त्या दिवशी कँटीनमध्ये मी हरलो, असं मला आजही वाटतं, आणि त्यात ज्ञानपीठाच्या आकड्यांचा काही हात नव्हता.

एक गोष्ट सांगायला जड जाते. कंबारांचं ज्ञानपीठ जाहीर झालं सप्टेंबर २०११ मध्ये. चंद्रशेखर कंबार आमच्याच जिल्ह्यातले, हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे. बेंगळूरचे नव्हेत, म्हैसूरचे नव्हेत; घटप्रभेच्या काठचे. त्यांच्या लिखाणात जी भाषा आहे ती आमच्या शनिवारच्या बाजारात भाजीवाल्या बायका बोलतात ती. जिल्ह्याला ज्ञानपीठ! दुसरा कुठलाही जिल्हा असता तर गावभर मिरवणूक निघाली असती. कन्नड मंडळींनी काढलीही असेल. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी कट्ट्यावर सात-आठ जण होतो आणि कुणी तरी म्हणालं, "आठ झाले." एवढंच. कंबार कुठले, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये इथं विश्व कन्नड संमेलन होऊन गेलेलं होतं, मनं कडू होती, वगैरे कारणं देता येतील. पण घोडगेरीला त्या कारणांशी काय देणंघेणं?

मी कन्नड वाचायला नीट शिकलो ते त्यानंतर. धंद्यापुरतं येत होतं: नाव, पत्ता, शुभाशय, श्रद्धांजली. टाइप करता यायचं, म्हणजे वडिलांच्याच घराण्याची विद्या, अर्थ न कळता अक्षर बिनचूक. ह्या बाबतीत मला उमा कुलकर्णींचं नेहमी नवल वाटतं. आमच्या बेळगावातच वाढल्या, आणि कन्नडमधून मराठीत एवढे अनुवाद केले की अकादमीचं अनुवादाचं पारितोषिक मिळालं. नवरा कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचणार आणि बायको मराठीत लिहिणार, असा त्यांच्या घरचा कारखाना. आमच्या घरी उलट होतं. डोळा नि हात कन्नडचे, कान कुणाचाच नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका ऑर्डरसाठी धारवाडला गेलो होतो. काम दुपारीच आटोपलं. साधनकेरीला बेंद्र्यांचं घर आहे, तिथं गेलो. समोर तळं, झाडं, बाकावर कॉलेजची पोरं. मी पिशवीतून 'नाकु तंती' काढलं, वाटेत स्टेशन रोडला घेतलेलं, आणि लहान मुलासारखं ओळीवर बोट ठेवून वाचायला बसलो. कविता अवघड आहे, कन्नड लोकही तसं म्हणतात, तेव्हा मला कळली असं मी सांगणार नाही. पण शीर्षकावर मी अडकलो. पुस्तकी कन्नडमध्ये चार म्हणजे 'नाल्कु'. शाळेत, फॉर्मवर, सरकारी पाटीवर, सगळीकडं नाल्कु. 'नाकु' हे तोंडातलं, आमच्या बाजूचं. आई कोथिंबिरीची पेंडी उचलून "एष्टु?" विचारायची आणि पुढून उत्तर यायचं, "नाकु." आईला कन्नडचे जे वीस-पंचवीस शब्द येत होते त्यांतला हा एक. एका पेंडीला नाकु, दोन घेतल्या तर एळु, म्हणजे सात, मग आई म्हणायची "आरु कोडतेनि," सहा देते, आणि बाई हसून द्यायची. तर हा शब्द दिल्लीला गेला, निवड मंडळासमोर बसला आणि ज्ञानपीठ घेऊन आला. पुढं कवितेत चार तारा येतात: नानु, नीनु, आनु, तानु. मी, तू, जुन्या कन्नडमधला मी, आणि आपण स्वतः. 'तानु'ला मराठी शब्द शोधत मी बराच वेळ बसलो. तळ्यात एक म्हैस उतरली होती, ती निघून गेली तरी सापडला नाही.

येताना बसमध्ये आणखी एक गोष्ट आठवून मला हसू आलं. ज्ञानपीठाबरोबर वाग्देवीची कांस्यमूर्ती देतात. ती धारच्या, भोजराजाच्या काळातल्या मूर्तीची प्रतिकृती. मूळ मूर्ती लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या पायथ्याशी लेख आहे, आणि काही अभ्यासक तो लेख वाचून म्हणतात की ही सरस्वती नव्हेच, ही जैनांची अंबिका. त्यांचं खरं असेल तर १९७३ चं ज्ञानपीठ देताना अंबिकातनयाच्या हातात अंबिकाच दिली गेली, आणि मंचावरच्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही. बेंद्र्यांना शब्दांचे असले खेळ भलते आवडायचे. त्यांना कळलं असतं तर एक कविता वाढली असती.

फेब्रुवारीत हंगाम बदलतो. लाल-पिवळं संपून भगवं सुरू होतं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, गावोगावची मराठी साहित्य संमेलनं थंडीत होऊन गेलेली असतात, त्यांच्या उधाऱ्या वसूल व्हायच्या असतात, आणि २७ तारखेचा मराठी भाषा दिन येतो. ह्या वर्षी आमच्याच भागातल्या वाचनालयाचे एक काका आले. सत्तरीचे, पांढरी टोपी, खिशात पेनं दोन. त्यांना ज्ञानपीठवाल्या चौघांचा फ्लेक्स हवा होता. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे. मी ऑक्टोबरची फाइल उघडली, कारण मागं वाग्देवी तीच लागणार होती. आठ चौकटी रिकाम्या केल्या आणि चार काढून टाकल्या. काका खुर्ची ओढून शेजारी बसले.

"चार फोटो एवढ्या जागेत मोकळे मोकळे वाटूलालेत रे," ते म्हणाले.

"पाचवे बेंद्रे घालू काय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मार खायला लावूलालास काय मला?"

"घरात मराठी होती की."

"ते मला शिकवूलालास? माझ्या आजोबांनी त्यांचं व्याख्यान ऐकलंय, मराठीतलं." काका थोडा वेळ गप्प. "नको. दोन्हीकडनं भांडण लागंल. चौघांचे फोटोच मोठे कर."

"आणि जी. ए.?"

"त्यांना कुठं ज्ञानपीठ मिळालं?"

"अकादमी मिळालेलं, परत केलं. आपल्या एकसंब्याचे."

"परत केलेलं फ्लेक्सवर कसं दाखवणार?" हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे विचारला आणि मला खरंच उत्तर सुचेना. मी चौघांचे फोटो मोठे केले. नेमाड्यांचा फोटो लहान फाइलचा होता, फाटायला लागला. दुसरा पाठवायला सांगितलं.

"साइज काय?"

"सहा बाय चार," काका म्हणाले. "गेल्या वर्षीच्याच चौकटीला बसंल असं कर. आणि खालती वाचनालयाचं नाव टाकशील त्याच्या वरती ते कन्नडमध्ये पण टाक. नाहीतर काढायला लावतील."

मी नुडी उघडली.